शेवभाजीचा रस्सा कुठल्या पातेल्यातला?

गावच्या जत्रेला घरचाच, मी हाताने पाला चारलेला बोकड कापला. तेव्हापासून मटण सोडलं. घरचे खातात, त्यांना मी अडवत नाही. पण एकत्र जेवायला जायचं म्हणजे माझी पंचाईत. मागे एका हॉटेलात माझ्या डाळीत हाडाचा तुकडा निघाला, तर मालक म्हणाले, "बाजूला काढा ना!"

गंगापूर रोडच्या या खानावळीत शेवभाजी सांगितली, तर वाढणारे दादा स्वतःहून म्हणाले, "ताई, तर्री मटणाच्या पातेल्यातली आहे. तुम्हाला वेगळी करून देतो." वीस मिनिटं लागली. काळ्या मसाल्याचा दाट रस्सा, वरून कुरकुरीत शेव, तव्यावरून थेट ताटात बाजरीची भाकरी. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या, आणि ते तिखटाने नव्हे. ह्यांनी शेजारीच मटण भाकरी खाल्ली. रविवारी गर्दी असते, एकच्या आत जा.