शहरी बेघर निवारा: सोय चांगली, जागा चुकते

मराठवाड्यातल्या शहरांत महापालिका-नगरपालिकांनी चालवायच्या बेघर निवाऱ्याची सेवा केंद्र सरकारच्या, २०२४ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांवर तपासली, तर कागद भक्कम आहे. लाख लोकवस्तीमागे किमान १०० जणांसाठी कायमचा निवारा, तो वर्षभर २४ तास उघडा, माणशी किमान ५० चौरस फूट जागा. म्हणजे ५० जणांसाठी २,५०० चौरस फूट. त्याहून कमी हॉलमध्ये ५० गाद्या दिसल्या की समजावं, दाटी केली आहे.

खरी गोम ठिकाणाची. मजूर पहाटे नाक्यावर उभा राहिला नाही तर त्याचा रोज बुडतो. निवारा गावाबाहेर बांधला की तो रिक्षाभाड्यापेक्षा बसस्थानकाचा ओटा पत्करतो, आणि कागदोपत्री ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद होते. हा अन्याय आहे. नाका, स्टँड किंवा सरकारी दवाखाना चालत गाठता यायला हवा.

दुसरी अडचण कुटुंबांची. भाड्याच्या खोलीतून निघावं लागलेलं जोडपं लेकरांसह आलं, तर पुरुष एकीकडे, बाई दुसरीकडे. कुटुंबाला आडोशाची वेगळी खोली लागतेच. कुलूपबंद पेटीही हवी. नसेल तर कागदपत्रं उशाखाली ठेवून कोणाला झोप लागणार?

पाण्याची टाकी मोठीच हवी. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे विसरून चालत नाही.

सगळ्यात मोलाची सोय बहुतेकांना ठाऊकच नसते: मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र आधार नोंदणीला चालतं. आत गेल्यावर आधी ते मागा.