‘सात दिवसांत शब्दभ्रम’ शिकण्याच्या नादात झालेली फसवणूक

सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवते. पहिलीत नव्याने आलेली मुले बाईंशी बोलायला बुजतात, पण हातात बाहुली धरली की तीच मुले बाहुलीशी मोकळेपणाने बोलू लागतात, हे मी कित्येक वर्षे पाहत आले आहे. त्यामुळे बोलक्या बाहुलीची कला, म्हणजे शब्दभ्रम, निदान वर्गापुरती तरी शिकून घ्यावी असे फार दिवसांपासून मनात होते. लहानपणी दूरदर्शनवर रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव पाहिलेला होता. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांच्यापासून आणि पुढे त्यांचे चिरंजीव सत्यजित यांच्यापर्यंत ही कला एका घरात तीन पिढ्या टिकली आहे, हेही माहीत होते. एवढ्या मेहनतीची विद्या सात दिवसांत कशी येईल, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. तो पडला नाही आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीपासून दोन महिन्यांत माझे ३२,४९९ रुपये गेले.

मोबाईलवर आलेल्या जाहिरातीत तीन गोष्टींचे आश्वासन होते: सात दिवसांत शब्दभ्रम, पोटातून आवाज, आणि आवाज हवा तिथे फेकण्याची कला. सोबतच्या चित्रफितीत एक गृहस्थ खोलीच्या एका टोकाला उभे होते आणि दुसऱ्या टोकाच्या बंद पेटीतून ‘मला बाहेर काढा’ असा आवाज येत होता. मी चौकशी करताच अर्ध्या तासात त्यांचा फोन आला. आधी ‘मॅडम’ आणि पाच मिनिटांनी ‘ताई’ म्हणत त्यांनी माझी शाळा, मुले, नोकरीची वर्षे हे सगळे आस्थेने विचारून घेतले, माझ्या आवाजाची तारीफ केली आणि त्याच रात्री बारापर्यंत भरल्यास फी ४,९९९ रुपये, नंतर दुप्पट, असे सांगितले. मी रात्री साडेदहाला पैसे भरले.

इथेच थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ती माहीत असती तर पुढचे काहीच घडले नसते. आवाज कुठेही फेकता येत नाही आणि तो पोटातूनही येत नाही. पाश्चात्त्य भाषांत या कलेचे जे नाव रूढ आहे त्याचा मूळ लॅटिन अर्थ ‘पोटातून बोलणे’ असा असल्यामुळे हा समज जगभर पसरलेला आहे. प्रत्यक्षात शब्दभ्रमकाराचा आवाज तुमच्या-माझ्यासारखाच कंठातून निघतो. तो ओठ न हलवता बोलतो, बाहुलीसाठी वेगळ्या पट्टीतला आवाज लावतो आणि बाहुलीचा जबडा प्रत्येक अक्षराबरोबर उघडतो. आपले डोळे हलणाऱ्या तोंडाकडे जातात आणि कान डोळ्यांवर विश्वास ठेवतात. चित्रपटगृहात आवाज ध्वनिवर्धकातून येत असूनही तो पडद्यावरच्या माणसाच्या तोंडून आल्यासारखा वाटतो, तेच हे. लांबून किंवा पेटीतून आल्यासारखा आवाज काढण्याचा प्रकार खरा आहे, पण तोसुद्धा दबलेला आवाज आणि पेटीकडे वळवलेली नजर यांनी साधलेला भास असतो. जो माणूस आवाज ‘फेकायला’ शिकवतो म्हणतो, त्याला ही कला येत नाही किंवा तो खोटे बोलतो आहे.

चार दिवसांनी पाकिटातून एक ‘यंत्र’ आले. नखाएवढ्या दोन वाकवलेल्या पत्र्यांच्या मध्ये एक पातळ फीत ताणलेली होती आणि ती कडेने दोऱ्याने गुंडाळली होती. ते टाळूला चिकटवून बोलायचे, अशी सूचना होती. बोलल्यावर शब्द उमटेनात, फक्त शिट्टी वाजे. जत्रेत पक्ष्यांचे आवाज काढायला विकतात तीच ही वस्तू आहे, हे मला नंतर कळले. अमेरिकेत गेल्या शतकात मुलांच्या कॉमिक्समधून ‘आवाज फेका’ असे सांगून अशीच वस्तू विकली जात असे. राजस्थानी कठपुतळीवाले अशाच जातीची ‘बोली’ तोंडात धरतात, पण तिचा आवाज शिट्टीसारखाच असतो आणि तिचे म्हणणे प्रेक्षकांना उलगडून सांगायला दुसरा माणूस लागतो. शब्दभ्रमाशी या वस्तूचा काही संबंध नाही. शिवाय ती घशात जाऊ शकते. मी ती शाळेत नेली नाही, याचे आजही समाधान वाटते.

मला सर्वांत जास्त संताप येतो तो ‘नाभीच्या अभ्यासा’चा. श्वास रोखून, मानेच्या शिरा ताणून, घसा आवळून खालच्या पट्टीत रोज वीस मिनिटे घोगरा आवाज काढायचा, अशी ती कसरत होती. तिसऱ्या दिवशी घशात टोचू लागले. मी फोन केला तेव्हा ‘ताई, आवाज खाली उतरतोय, त्याचीच ही खूण आहे, थांबू नका’ असे उत्तर मिळाले आणि मी थांबले नाही. नवव्या दिवशी माझा आवाज पूर्ण बसला. साताऱ्याच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासून स्वरतंतूंना सूज असल्याचे सांगितले आणि पंधरा दिवस मौन पाळायला लावले. दुसरे सत्र सुरू झाले तेव्हा मी फळ्यावर लिहून वर्ग चालवत होते, आणि पहिलीच्या मुलांना अजून वाचता येत नव्हते. ज्यांचे पोट आवाजावर आहे, त्या शिक्षकांनी, कीर्तनकारांनी, गायकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. या कलेच्या योग्य सरावात घसा दुखत नाही, आणि दुखला तर तत्काळ थांबायचे असते.

यानंतरही मी बाहुलीसाठी ६,५०० रुपये भरले. ‘परदेशी बनावटीची’ म्हणून जी बाहुली आली, तिच्या खोक्यावर ‘बबलू’ असे नाव छापलेले होते. पाठीतून हात घालायला जागा होती, पण आत जबड्याची कळ नव्हती, नुसता एक दोरा होता आणि तो दुसऱ्याच दिवशी तुटला. त्याहून मोठी खूण त्या नावातच होती. ओठ मिटल्याशिवाय प, फ, ब, भ, म ही अक्षरे निघत नाहीत आणि ‘व’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो. म्हणून नवशिक्याला ही अक्षरे सर्वांत शेवटी शिकवतात. तेव्हाही ‘ब’च्या जागी ‘द’, ‘प’च्या जागी ‘त’, ‘म’च्या जागी ‘न’ अशी जवळची अक्षरे जिभेने इतक्या मृदूपणे उच्चारायची असतात की वाक्याच्या ओघात ऐकणाऱ्याला मूळ अक्षरच ऐकू यावे. ज्याने एक महिना जरी ही कला केली असेल, तो नवशिक्याच्या हाती ‘बबलू’ नावाची बाहुली देणार नाही, कारण पहिल्याच हाकेला ओठ दोनदा मिटतात.

पुढची कहाणी अनेकांच्या परिचयाची आहे. एका कार्यक्रमात संधी देतो म्हणून १२,००० रुपये ‘परत मिळणारी अनामत’ घेतली गेली आणि कार्यक्रम दोनदा पुढे ढकलला गेला. मी पैसे परत मागितल्यावर परताव्यासाठी एक क्यूआर कोड आला. तो स्कॅन करून पिन टाकताच खात्यातून आणखी ९,००० रुपये वजा झाले. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे मी दर पालकसभेत सांगत असे, आणि त्या दिवशी रागाच्या भरात तेच विसरले. सहकारी शिक्षकांनी तिथल्या तिथे १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन लावून दिला. तासाभरात तक्रार गेल्यामुळे ती शेवटची रक्कम समोरच्या खात्यात गोठवली गेली, पण ती अजून हातात आलेली नाही. आधीचे २३,४९९ रुपये केव्हाच काढून घेतले गेले होते. जाहिरातीची छायाचित्रे, व्यवहार क्रमांक आणि संभाषणे मी जपून ठेवली होती, ती पोलिसांना उपयोगी पडली. पैसे भरून निकृष्ट वस्तू किंवा खोटी शिकवणी पदरी पडली असेल, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही दाद मागता येते.

आवाज सुधारल्यावर मी पुन्हा सुरुवात केली, ती एका जुन्या मोज्यापासून. टाचेच्या बाजूला दोन बटणांचे डोळे शिवले आणि नाव ‘काशी’ ठेवले, कारण त्यात ओठ लागत नाहीत. आरशासमोर दात किंचित विलग, ओठ हलके उघडे आणि चेहऱ्यावर साधे हसू ठेवून रोज दहा मिनिटे ‘आई, चल ना, चहा दे’ एवढेच म्हणत राहिले. अक्षर उच्चारताना बोटे वर न उचलता अंगठा खाली न्यायचा, म्हणजे माणसाप्रमाणे बाहुलीचाही खालचा जबडा हलतो, हे समजायलाच आठवडा गेला. चार महिन्यांनंतर आज काशी वर्गात दोन-तीन वाक्ये बोलते. ‘म’ अजून साधत नाही. खर्च आला तो बटणांचा.

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात निराळ्या नावाने पुन्हा दिसली. पेटीची चित्रफीत तीच आहे, फी ३,९९९ रुपये केली आहे, आणि बाहुलीच्या खोक्यावर अजूनही ‘बबलू’ असेच लिहिलेले आहे.