डार्विनहून गाडी परत आणताना: चालवत की ट्रकवर लादून?

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहराहून उत्तरेच्या डार्विनपर्यंत स्वतःच्या गाडीने जायचे एका मित्राचे ठरले आहे. परतीचे काय, यावर मात्र घरात एकमत होत नाही. एकतर तेच सुमारे 3,000 किलोमीटर पुन्हा कापायचे, नाहीतर गाडी वाहतूकदाराच्या ट्रकवर चढवून आपण विमानाने परतायचे.

खर्चाची तुलना वरवर फसवी आहे. शंभर किलोमीटरला दहा लिटर धरले तरी परतीला 300 लिटर इंधन लागते, त्यात किमान तीन मुक्काम, टायरची झीज आणि लांबणारी रजा हेही जोडावे लागते. ट्रकच्या भाड्यात मात्र प्रत्येकाचे विमानतिकीट धरावे लागते, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाला चालवत येणेच बहुधा स्वस्त पडते.

श्रमांचा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. वाटेतला स्टुअर्ट महामार्ग डांबरी आहे, पण कूबर पेडी ते ग्लेनडॅम्बो या सुमारे 250 किलोमीटरच्या टप्प्यात पेट्रोलपंप नाही, पन्नास मीटरहून लांब रोड ट्रेन (अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक) मागे टाकाव्या लागतात आणि संध्याकाळी कांगारू आडवे येतात म्हणून अंधारापूर्वी थांबावे लागते.

ट्रकवर गाडी साधारणपणे रिकामी द्यावी लागते (तंबू, भांडीकुंडी यांचे काय करणार?), शिवाय ती हाती येण्याचा दिवस मागेपुढे होतो.

रजा मोजकी आणि चालक एकच असेल, तर ट्रक; दोन चालक, भरपूर सामान आणि जाताना राहिलेला उलुरू हा प्रचंड खडक पाहण्याची इच्छा असेल, तर चालवतच यावे.