समुद्राकाठचं समाजमंदिर, नाशिकचे स्क्रू: १८ महिन्यांनंतर

आमच्या गावाचं (दापोली तालुका, समुद्र दोनशे पावलांवर) समाजमंदिर नाशिकच्या मंडळाने वर्गणीतून बांधलं. खरेदी माझ्याकडे होती. स्वस्तात आणतो म्हणून दिलेलं खातं, आणि तसंच आणलंही. कलर कोटेड पत्रा, पाइपच्या कैच्या (छपराला आधार देणारे त्रिकोणी सांगाडे), खिडक्यांच्या जाळ्या, सगळं नाशिकमधल्या अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडून. पत्र्याबद्दल सांगत बसत नाही, थेट स्क्रूवर येतो.

छपराला ६४० स्क्रू लागले. मी झिंक प्लेटेड, म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा दिलेले घेतले. स्टेनलेसच्या तुलनेत एकामागे अकरा रुपये, म्हणजे ७०४० रुपये वाचले. नाशिकच्या सिडकोतल्या माझ्या गच्चीवर हेच स्क्रू नऊ वर्षं टिकलेत, तेव्हा शंका यायचं कारणच नव्हतं. पहिल्या पावसाळ्यानंतर गेलो तर पांढऱ्या भिंतीवर तांबडे ओघळ. वायसर शाबूत, डोकी गेलेली. या स्क्रूंवर जस्ताचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा असतो, खाऱ्या वाऱ्याला तो किती पुरणार?

त्या फॅब्रिकेटरला फोन केला. ‘पत्र्याला दहा वर्षांची हमी आहे ना?’ तर म्हणे स्क्रू हमीत येत नाहीत, आणि समुद्राच्या इतक्या जवळ पत्राही येत नाही. कागद काढून बघितला. आहे खरं, मागच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात. गाडी कुठे जाणार हे त्यानेच चलनावर लिहिलं होतं! पाच फोन झाले, सहावा उचलला नाही.

तेव्हा मी चिडून मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं होतं की कोकणातल्या पावसाने वाट लावली. ते आता मागे घेतो. दिवाळीत परांची लावून नीट बघितलं, तर उघड्या छपरावरचे स्क्रू त्यातल्या त्यात बरे होते. सगळ्यात वाईट हाल पडवीच्या आढ्याला, जिथे पावसाचा थेंब पोचत नाही. शेजारच्या काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘अरे, वरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. पडवीतलं कोण धुणार, तू?’ दमट हवेत ते मीठ ओलं राहतं आणि गंज चालूच राहतो.

जाळ्या आणि बिजागऱ्या ३०४ या नेहमीच्या प्रतीच्या स्टेनलेसच्या. घेताना फॅब्रिकेटरने चुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही, मी खूश. सहा महिन्यांत चहा सांडल्यासारखे डाग. समुद्राकाठी ३१६ प्रतीचं घेतात, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. चुंबक ३०४ ला चिकटत नाही तसं ३१६ लाही चिकटत नाही, हे कळायला मला माझे पैसे घालवावे लागले. डाग घासून जातात, जाळ्या बदललेल्या नाहीत.

आता ज्यांच्याशी भांडलो त्यांच्याबद्दल. इंजिनिअरने आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) दाखवून एम ३० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, मागितलं, वर विहिरीचं पाणी मचूळ म्हणून टँकर. मी त्याला उधळ्या म्हटलं. त्याचं म्हणणं, मीठ आत पोचलं की सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. अजून एकही चीर नाही, पण दीड वर्षात त्याला प्रमाणपत्र देणार नाही, मीठ आत शिरायला वर्षं घेतं. जांभ्याची भिंत मात्र मनापासून आवडली. गवंड्याने बाहेरून गिलावा करूच दिला नाही, आणि जिथे मी हट्टाने गिलावा-रंग करून घेतला तीच दर्शनी भिंत आज ओघळांनी घाण दिसते. चिऱ्यावर ओघळ आले असले तरी दिसत नाहीत, तांबड्यावर तांबडं.

स्क्रू गेल्या महिन्यात बदलले, सगळे ६४०, या वेळी ३१६ चे. मजुरी, परांची, नाशिकहून दोन खेपांचं डिझेल धरून २३,४०० रुपये. वाचवलेले ७०४० त्यात कुठे बसवायचे ते खजिनदारांनी मला विचारलंय.

काकांना लांब पाइप आणून दिलाय. दर पंधरवड्याला गोड्या पाण्याने पडवी धुवायची असं ठरलं, पण पाणीपट्टी कोणी भरायची हे ठरलेलं नाही. पुढच्या रविवारी सभा आहे.