अनपेवॉल : हिरव्या कुलपामागचा मूळ शोधनिबंध

धोरणाचा मसुदा तयार करणाऱ्याकडे विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे सदस्यत्व बहुधा नसते. त्यामुळे मूळ आकडेवारी न पाहता केवळ सारांशावरून शोधनिबंधाचा हवाला देण्याची वेळ येते. २०१७ साली आलेले ‘अनपेवॉल’ हे ब्राउझरचे मोफत एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे साधन) ही अडचण बरीच कमी करते. निबंधाचे पान उघडले की कडेला कुलपाची खूण दिसते. ती हिरवी असल्यास क्लिक करताच प्रकाशकाने खुली केलेली किंवा लेखकाने संस्थेच्या डिजिटल संग्रहात ठेवलेली कायदेशीर प्रत समोर येते. लसीकरणावरील एका निबंधासाठी प्रकाशक (नाव राहू द्या) माझ्याकडे घसघशीत शुल्क मागत होता. हिरव्या कुलपामागे मात्र लेखकाचे स्वीकृत हस्तलिखित (प्रकाशनासाठी मंजूर झालेली, पण छपाईची मांडणी होण्याआधीची प्रत) मिळाले, त्यातल्या तक्त्यावरून नमुना किती लहान होता हे कळले आणि सारांशातले ठाम विधान मी मसुद्यातून काढून टाकले. अशा हस्तलिखिताचे पृष्ठक्रमांक छापील अंकाशी जुळत नाहीत, म्हणून संदर्भ देताना डीओआय क्रमांक (निबंधाची कायमची डिजिटल ओळख) नोंदवावा. कुलूप राखाडीच राहिले, म्हणजे खुली प्रत सापडली नाही, तर लेखकाला ईमेल करून प्रत मागणे तेवढे उरते. पुष्कळ जण ती आनंदाने पाठवतात.