ट्रान्सफरमार्क्ट : करार कळतात, पगार नाही
फुटबॉलमधील आर्थिक व्यवहार समजून घेण्यासाठी २००० साली जर्मनीत सुरू झालेले ट्रान्सफरमार्क्ट हे संकेतस्थळ अत्यंत उपयुक्त आहे. येथील सर्वांत मोलाची नोंद म्हणजे करार संपण्याची तारीख. कारण युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बॉस्मन निकालामुळे करार संपलेला युरोपीय संघाचा नागरिक हस्तांतर शुल्काविना (म्हणजे मूळ क्लबला मोबदला न मिळता) दुसऱ्या क्लबकडे जाऊ शकतो आणि त्यामुळे अखेरच्या वर्षात मूळ क्लबची बाजू लंगडी पडते. ब्राझीलच्या नेमारसाठी २०१७ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेन क्लबने मोजलेले २२.२ कोटी युरो येथे ठळकपणे दिसतात. रोमा या इटालियन क्लबकडेच अवघी व्यावसायिक कारकीर्द घालवलेल्या फ्रान्सिस्को तोत्तीचे पान त्यापुढे (माझ्या दृष्टीने सुखदपणे) ओकेबोके आहे. ‘बाजारमूल्य’ मात्र सदस्यांच्या चर्चेतून ठरणारा अंदाज असल्याने तो प्रत्यक्ष किंमत मानू नये. क्लबवरील निष्ठेचा खरा कस जिथे लागतो, ते पगाराचे आकडे येथे शोधू नयेत.