प्लम कडक घ्यायचा का मऊ?

पाऊस लागला की सांगलीत हिमाचलचे प्लम दिसायला लागतात आणि आमच्या घरी वाद सुरू, आईला मऊ पाहिजे, मला कडक. आम्ही तासगावकडचे, त्यामुळं डोक्यात द्राक्षाचा हिशोब. द्राक्ष वेलीवरनं काढलं की पुढं गोड होत नाही, म्हणून तर मीटरवर गोडी बघूनच तोडणी धरतात. प्लमचं तसं नाय, तो तोडल्यावर पण पिकतो, स्वतःच इथिलीन म्हणजे फळ पिकवणारा वायू सोडतो, मऊ होतो, रंग गडद होतो, वास सुटतो.

पण म्हणून त्याला आंबा समजू नका. कच्च्या आंब्यात स्टार्च असतो, अढीत त्याची साखर होते. तोडणीच्या वेळी प्लममध्ये स्टार्च जवळपास नसतोच, साखर काय भरायची ती झाडावर शेवटच्या काही आठवड्यांत, फळ फुगतं तेव्हाच भरते. घरी फक्त आंबटपणा उतरतो म्हणून गोड लागतो. फार लवकर तोडलेला हिरवट प्लम कितीही ठेवा, सुरकुततो आणि आंबटच राहतो.

मऊ घेतला तर आजच्या आज खायला मस्त, पण पिशवीत दाबला की पिचलाच, फ्रिजमध्ये ठेवून एक-दोन दिवसात संपवायचा. पाहुणे येणारेत, लगेच कापायचाय, तर हाच.

आठवडाभर पुरवायचा असेल तर मी कडकच घेणार, फक्त रंग भरलेला बघून, देठापाशी हिरवा असेल तर नको. वरचा पांढुरका थर बघून औषध मारलंय म्हणून घाबरू नका, द्राक्षावर असतो तसाच तो नैसर्गिक असतो. घरी आणला की कागदी पिशवीत टाका, घाई असेल तर सोबत एक केळं, दोन-चार दिवसात दाबल्यावर जरासा दबतो. लोक चुकतात ते इथं, कडक फळ थेट फ्रिजमध्ये. कोल्ड स्टोअरेजला शून्य अंशाच्या आसपास ठेवतात, घरचा फ्रिज 4-5 अंशांचा, आणि नेमकं 2 ते 8 च्या मधे बरेच दिवस राहिला की गर आतनं तपकिरी आणि पिठूळ होतो, वरनं काय कळत पण नाही. आधी पिकू द्या, मग फ्रिज.

आईसाठी चार मऊ वेगळे घेतो, भांडण नको. आणि पेटीत एखादा हिरवट निघालाच तर गूळ-मिरची घालून चटणी.